खळ्यावरची पावले

कलकत्त्याच्या बाजारात गांज्याची जी पेंढी मिळे तिचे मोजमाप १८३९ साली कागदावर उतरले आहे. लांबी सुमारे दोन फूट, जाडी तीन इंच, पेंढीत चोवीस झाडे; रंग मळकट हिरवा, वास गुंगी आणणारा पण अप्रिय नव्हे, हाताला सर्वांगाने चिकट; भाव शेराला बारा आण्यांपासून रुपयापर्यंत. मद्यार्कात भिजवल्यास शेकडा वीस भाग अर्क निघतो, हेही तेथेच नोंदलेले आहे. हे लिहिणारा विल्यम ब्रुक ओशॉनेसी कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात अध्यापक होता. पुढे हिंदुस्थानात तारायंत्र आणणारा म्हणून त्याचे नाव झाले. पण संधिवात, धनुर्वात, लहान मुलांचे झटके ह्यांवर गांज्याचा अर्क देऊन पाहणारा आणि युरोपीय वैद्यकाला ह्या द्रव्याची रीतसर ओळख करून देणारा म्हणूनही त्याचे स्थान पक्के आहे. त्याच्या निबंधात संस्कृत ग्रंथांच्या आधारासाठी पंडित कमलाकांत विद्यालंकार आणि मधुसूदन गुप्त ह्यांचे, यावनी परंपरेसाठी हुगळी इमामबाड्याचे मुतवल्ली सय्यद करामत अली ह्यांचे ऋण नावानिशी मान्य केलेले आहे. ग्रंथ सांगणाऱ्यांना नावे मिळाली. पेंढी बांधणाऱ्याला मात्र ते मिळाले नाही, आणि ओशॉनेसीच्या दृष्टीने ते स्वाभाविकच होते. त्याच्यासाठी गांज्याची गोष्ट बाजारात सुरू होत होती.

वस्तुतः त्या पेंढीत झाडापेक्षा श्रम अधिक होते. गांजा शेतात उगवतो असे म्हणणे म्हणजे चहा मळ्यात उगवतो असे म्हणण्यासारखे आहे. शेतात उगवते ते झाड. त्याचा गांजा होतो तो कापणीनंतरच्या तीनचार दिवसांत: वाळवताना, पाने वेगळी करताना, दाबताना आणि दडपून ठेवताना. ह्या दिवसांत हयगय झाली तर वर्षभराची मेहनत कडब्याच्या मोलाची ठरे.

बंगालचा गांजा कलकत्त्याच्या उत्तरेस सुमारे अडीचशे किलोमीटरवर, राजशाही जिल्ह्यातील नौगाव आणि त्याला लागून असलेल्या दिनाजपूर व बोगरा जिल्ह्यांच्या काही भागांत होई. ह्या टापूला 'गांजामहाल' असेच नाव होते. कंपनी सरकारने १७९३ च्या चौतिसाव्या रेग्युलेशनने मादक पदार्थांना परवान्याच्या कक्षेत आणले. पुढे लागवड, साठवण आणि वाहतूक ह्या साऱ्यांवर अबकारी खात्याची नजर बसली. उत्पन्न मोठे, गळतीची भीती त्याहून मोठी. ह्या भीतीपोटीच हेमचंद्र कर नावाच्या एका बंगाली डेप्युटी कलेक्टरला विशेष कामगिरीवर नेमण्यात आले, आणि बंगालमधील गांज्याची लागवड व व्यापार ह्यांविषयीचा त्याचा अहवाल १८७७ साली कलकत्त्यात छापला गेला. चोरी कोठे होते हे शोधायला गेलेला हा अधिकारी काम कसे होते ते पाहत राहिला, हे वाचकांचे भाग्य म्हटले पाहिजे.

लागवडीची अर्धी परीक्षा कापणीच्या कितीतरी आधी होई. फुलावर येण्याच्या सुमारास 'पोद्दार' किंवा 'पारखदार' शेतातून फिरे. इंग्रजी कागदपत्रांत त्याला गांज्याचा डॉक्टर म्हटले आहे, ते थट्टेने की आदराने हे कळणे कठीण आहे. नर झाड ओळखून ते उपटणे एवढेच त्याचे काम. पण परागकण सुटण्याच्या आधी ते व्हायला हवे, कारण एकदा बी धरले की मादीच्या तुऱ्यांतील राळेचा जोर ओसरतो. कळी उमलण्यापूर्वी नर-मादी ओळखण्याची ही नजर पुस्तकातून येणारी नव्हती. पोद्दार चुकला तर त्याचा हिशेब थेट फेब्रुवारीत, तुऱ्यात बी दिसू लागले म्हणजे लागे.

फेब्रुवारीच्या मध्यापासून कापणी सुरू होई. बंगालच्या दमट वर्षात हेच काय ते कोरडे दिवस. ह्याच्या आधी धुके, ह्याच्या नंतर कालवैशाखीची वादळे. झाडे कापून 'चातरा'वर आणीत. चातर म्हणजे संस्कृतातील चत्वर, मोकळे अंगण. मराठी वाचकाने खळे समजावे. तेथे झाडे रात्रभर दवात पडत. वाळवायला आणलेला माल पहिल्याच रात्री दवात टाकायचा हे वरवर पाहता उलटे वाटते. पण एकदम कडक वाळलेला तुरा दाबाखाली भुगा होतो. जरा मऊ राहिलेला तुरा आपल्याच राळेने आपल्याला चिकटतो. दुसऱ्या दिवशी झाडांचे हात-दीड हात लांबीचे तुकडे करीत, तुरे नसलेल्या फांद्या बाजूला काढीत, आणि उरलेले उन्हात पसरीत. ऊन उतरू लागले की खरे काम सुरू होई.

चटईवर डहाळ्या वर्तुळात मांडीत; तुरे आत, देठ बाहेर. मग माणसे त्या वर्तुळावर चढत आणि एकमेकांना धरून गोल फिरत पायांनी तुरे दाबीत. एक पाय डहाळी धरून ठेवी, दुसरा तिच्यावरून दाब देत सरके. एक थर दबला की त्यावर दुसरा थर, पुन्हा पावले. मग ढीग उलगडून जुड्या एकमेकींवर हलकेच आपटायच्या म्हणजे सुटी पाने आणि चुकून धरलेले बी झडून जाई. रात्री सारे रचून वर चटया घालून दडपून ठेवीत; सकाळी पुन्हा ऊन, पुन्हा पावले. ह्यातून निघे तो 'चपटा' गांजा. 'गोल' गांज्याची रीत अधिक नाजूक होती. तेथे आडव्या बांबूचा आधार धरून माणसे पायाखाली एकेक जुडी लाटीत, आणि शेवटचा आकार हाताने देत. ह्या साऱ्यात जे तुकडे गळून पडत त्यांना 'चूर' म्हणत, आणि तोही विकला जाई. अबकारी खात्याने ह्या तिन्ही प्रकारांना वेगवेगळे दर लावले होते. चुरात देठ नाही म्हणून त्याचा कर अधिक, चपट्यात देठ पुष्कळ म्हणून कमी. पावलांच्या कामाची बारकाई सरकारने कोठे खरोखर मान्य केली असेल तर ती ह्या दरपत्रकात.

महाराष्ट्रातील वाचकाला ह्या दृश्यात मळणीची आठवण होणे साहजिक आहे, आणि ती सर्वस्वी चुकीचीही नाही. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) हा मुंबई इलाख्यातील गांज्याचा प्रमुख जिल्हा होता, आणि तेथेही माल खळ्यावरच पसरून माणसांच्या पायांखाली तुडवीत. पण मळणीला तिवडा असतो, त्याभोवती बैलांची पात फिरते; बैलाच्या खुराला कणसाची पर्वा नसते आणि असण्याचे कारणही नसते, कारण तेथे दाणा भुसापासून तोडायचा असतो. येथे तोडणे आणि जोडणे एकाच पावलाने साधायचे होते: पान सुटले पाहिजे आणि तुरा धरून राहिला पाहिजे. त्यासाठी अनवाणी माणूसच हवा. टाचेखालचा चिकटपणा किती वाढला, कोठे ओल राहिली, कोठे तुरा करकरू लागला, हे त्या तळव्याला कळत होते.

ढिगात दडपलेल्या ओलसर मालात ऊब धरते, हिरवा वास मरतो, रंग बदलतो. आज ह्या अवस्थेला मुरवणे म्हणता येईल. बंगालीत आंबून फसफसण्याला 'गाँजा' हेच क्रियापद आहे, आणि मराठीत रचलेल्या कडब्याला गंजी म्हणतात. ह्या तिन्ही शब्दांना एका मुळाशी नेऊन बांधण्याचा मोह व्युत्पत्तीच्या अभ्यासकाने आवरावा हे बरे; तरी ज्या मालाला गंजीत घालून मुरवावे लागते त्याचे नाव ऐकताना बंगाली शेतकऱ्याच्या कानात ते क्रियापद वाजत नसेल असेही म्हणवत नाही.

साहित्याने ह्या साऱ्याची दखल कशी घेतली हे पाहू गेल्यास एक चमत्कारिक पोकळी आढळते. कलकत्त्याच्या एकोणिसाव्या शतकातील वाङ्मयात गांजा ओढणारे भरपूर आहेत. बागबाजारातील 'पक्षीर दल' तर प्रसिद्धच. तेथील गंजेकस आपापल्या ताकदीप्रमाणे पक्ष्यांची नावे घेत आणि त्या त्या पक्ष्याच्या आवाजात बोलत. कालीप्रसन्न सिंहांच्या 'हुतोम प्याँचार नक्शा'त त्या काळच्या बाबू मंडळींच्या नशापाण्याची यथेच्छ टर उडवलेली आहे. भारतचंद्रांच्या 'अन्नदामंगला'त खुद्द शंकरासाठी सिद्धी घोटली जाते. थापेबाज गोष्टीला बंगालीत 'गांजाखुरी' म्हणतात, ते ह्याच वातावरणातून. अफूला बंकिमचंद्रांनी कमलाकांत दिला, मराठीत दारूला गडकऱ्यांनी सुधाकर दिला. गांज्याच्या वाट्याला विदूषक आले. तेही एक वेळ चालेल. पण सेवन करणाऱ्यांच्या ह्या गर्दीत करणारा कोठेच नाही. निळीच्या रयतेला दीनबंधू मित्रांचे 'नीलदर्पण' १८६० साली मिळाले आणि त्या नाटकाने मळेवाल्यांना हादरवले. नौगावच्या चातरावर गोल फिरणाऱ्या माणसांना नाटक मिळाले नाही, कादंबरी मिळाली नाही. त्यांना मिळाला एका डेप्युटी कलेक्टरचा अहवाल. तेथे छळ नव्हता म्हणून नाट्य नव्हते, असे उत्तर कोणी देईल. पण छळाशिवाय श्रमाकडे पाहता न येणे हा साहित्याचा दोष आहे, श्रमाचा नव्हे. हेमचंद्रांच्या अहवालाची गणना वाङ्मयात होत नाही. तरीही माणसाने वस्तूशी काय केले हे क्रमाने, न दमता, अलंकाराविना सांगण्याची जी शिस्त त्या गद्यात आहे ती त्या काळच्या बंगाली किंवा मराठी कादंबरीत क्वचितच सापडते.

ह्या वाळवण्या-मुरवण्यात द्रव्याचा गुण सामावला आहे हे शास्त्राला उशिरा, आणि अर्धवट, उमगले. शिवपूरच्या वनस्पती उद्यानातील वनस्पतिसंग्रहाचा प्रमुख डेव्हिड प्रेन ह्याने १८९३ साली नौगावच्या गांज्यावर स्वतंत्र अहवाल लिहिला. साठवणीत काळाबरोबर मालाचा जोर कमी होतो हे तेव्हा व्यापारी आणि अबकारी खाते दोघांनाही ठाऊक होते. ओशॉनेसीने लंडनला नेलेल्या मालापासून पीटर स्क्वायर ह्या औषधविक्रेत्याने अर्क तयार केला, आणि पुढे अर्धशतकाहून अधिक काळ विलायती वैद्यांची एकच तक्रार राहिली: एका बाटलीने गुंगी येते, दुसरीने काहीच होत नाही. गोदामातील पावसाळा, जहाजातील महिने, पेटीतील हवा ह्यांचा हिशेब त्या वैद्यांपाशी नव्हता. अखेर १९३२ साली ब्रिटिश औषधकोशातून हे औषध वगळले गेले. त्याआधी १८९६ साली केंब्रिजच्या वुड, स्पिव्ही आणि ईस्टरफील्ड ह्यांनी हिंदुस्थानी चरसापासून 'कॅनाबिनॉल' वेगळे काढले आणि क्रियाशील द्रव्य हाती लागले असे वाटले. ते शिळेपणाचे द्रव्य होते. हवा आणि उजेड लागून मूळ द्रव्याचे जे रूपांतर होते ते. मूळ द्रव्य शुद्ध रूपात वेगळे काढून त्याची रचना सांगायला १९६४ साल उजाडावे लागले, आणि ते इस्राएलमध्ये गाओनी व मेकोलाम ह्यांनी केले. दव, ऊन आणि दडपण ह्यांचे प्रमाण सांभाळणारा शेतकरी हे रसायन जाणत होता असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. त्याला परिणाम ठाऊक होता, कारण ठाऊक नव्हते. पण केंब्रिजलाही तेव्हा कारण ठाऊक नव्हते, आणि परिणाम तर त्याहून नव्हता.

ज्या वर्षी प्रेनचा अहवाल आला त्याच वर्षी, ब्रिटिश पार्लमेंटातील एका प्रश्नामुळे, हिंदी गांजा-चौकशी आयोग नेमला गेला. ३ ऑगस्ट १८९३ रोजी तो कलकत्त्यात प्रथम भरला. मॅकवर्थ यंग अध्यक्ष. सभासदांत कलकत्ता मेडिकल कॉलेजातील रसायनाचे प्राध्यापक वॉर्डन, आणि तीन हिंदी गृहस्थ. आयोगाने ११९३ साक्षी नोंदल्या. वेड्यांच्या इस्पितळांची दप्तरे तपासताना त्याला असे दिसले की 'वेडाचे कारण: गांजा' हा शेरा पुष्कळदा पोलीस शिपायाने, चौकशी न करता, रकाना रिकामा राहू नये म्हणून भरलेला होता, १८९२ मधील असे २२२ रुग्ण पुन्हा तपासले तेव्हा ९८ उरले. बेताचे सेवन अपायकारक ठरत नाही, सरसकट बंदी नको, कर व नियंत्रण असावे, हा आयोगाचा निष्कर्ष १८९४ साली आला. दोन हिंदी सभासदांनी मात्र आपली भिन्न मते जोडली. त्यांपैकी एक, राजा शशिशेखरेश्वर राय, ताहिरपूरचे जमीनदार होते. ताहिरपूर राजशाही जिल्ह्यात, म्हणजे गांजामहालाच्या शेजारीच. जो सर्वांत जवळून पाहत होता त्याला आयोगाचे समाधान पटले नाही, ही गोष्ट आयोगाच्या उदारमतवादाची स्तुती करणारे सहसा सांगत नाहीत. ती सांगायला हवी. ह्या द्रव्याने कोणाचेच संसार मोडले नाहीत असा दावा हेमचंद्रांनीही केला नसता.

आयोगाला सर्वांत आधी सोडवावा लागला तो प्रश्न व्याख्येचा होता, आणि तो शेवटी चातराकडेच नेतो. झाड एकच. त्याच्या पानांची भांग, मादीच्या तुऱ्यांचा गांजा, राळेचा चरस. ह्या तिघांत भेद करणारी रेषा निसर्गाने आखलेली नाही. ती हातापायांनी, पान तुऱ्यापासून सोडवताना आखली जाते. ओशॉनेसीने गांजा म्हणजे फुलावर आलेले, राळ न काढलेले वाळके झाड असे म्हटले होते. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय एकल कराराने फुलोऱ्याचे किंवा फळांचे शेंडे, राळ न काढलेले, अशी व्याख्या केली, आणि शेंड्यांसोबत नसलेली पाने व बिया तिच्यातून वगळल्या. भारताच्या १९८५ च्या गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमातही तीच वगळणूक आहे. कोलकात्यात आज घराच्या गच्चीवर हे झाड लावणे हा गुन्हा आहे. त्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याच शहरात विजयादशमीला, प्रतिमा विसर्जित झाल्यावर, पानांची सिद्धी दुधात घोटून घरातल्या वडीलधाऱ्यांसह प्यायची जुनी रीत आहे, आणि पानांपुरता प्रश्न राज्यांच्या अबकारी कायद्यांकडे सोडलेला आहे. तुरुंग आणि प्रसाद ह्यांच्यामधले अंतर असे एका छाटणीचे आहे. न्यायालयात जप्त मालातील पाने आणि शेंडे वेगळे करून तोलले होते काय, ह्यावर वकील तासन्‌तास वाद घालतात. नौगावच्या माणसाला हा वाद कळला असता. जुडीवर जुडी आपटून तो तेच तर करीत होता.

आता जगात हे काम घराघरांत परतले आहे. कॅनडाने ऑक्टोबर २०१८ पासून एका घराला चार झाडांची मुभा दिली, जर्मनीने एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसाला तीन. तेथील हौशी माणूस अंधाऱ्या थंड खोलीत फांद्या उलट्या टांगतो, हवेतील ओल मोजायला यंत्र ठेवतो, बारीक कात्रीने तुऱ्याभोवतीची पाने काढतो, आणि मग तुरे काचेच्या बरणीत भरून रोज थोडा वेळ झाकण उघडतो. घाई केली तर गवताचा वास राहतो, ओल राहिली तर बुरशी चढते. तत्त्व तेच; पावलांच्या जागी कात्री आणि चटईच्या जागी बरणी आली आहे. फरक एकच, पण मोठा आहे. तो माणूस स्वतःसाठी वाळवतो आणि त्याचा अभिमान बाळगतो. चातरावरची माणसे दुसऱ्यासाठी वाळवीत होती.

१९४७ च्या फाळणीत नौगाव पलीकडे, पूर्व पाकिस्तानात गेले आणि कलकत्त्याच्या अबकारी खात्याशी असलेला त्याचा शतकाचा संबंध तुटला. तेथील गांजा उत्पादकांनी १९१७ साली सहकारी संस्था स्थापन केली होती. तिच्या उत्पन्नातून शाळा चालल्या, दवाखाने चालले. पाकिस्तान गेले, बांगला देश आला, तरी लागवड होत राहिली. १९८७ साली बांगला देश सरकारने ती बंद केली. संस्थेच्या इमारती नौगावात उभ्या आहेत. शेवटच्या हंगामात जे विशीत होते ते आज साठीच्या घरात आहेत. हेमचंद्रांचा अहवाल ग्रंथालयातून मागवता येतो, प्रेनचा येतो, आयोगाचे सात खंड येतात. तुरा मऊ आहे की करकरीत, आणि आता दाबायचा की आणखी एक ऊन द्यायचे, हे त्या कागदांत मावणारे नव्हते. ते विचारायला अजून काही वर्षे माणसे आहेत.